मैलापूरचा मोडेम



आज टेबलावर एक जुनी वस्तू ठेवली आहे. कॅमेऱ्यात दिसते ना? ही पाम फाइव्ह. खिशातल्या डायरीएवढी, जेमतेम सेंटिमीटरभर जाड. १९९९ साली बाजारात आली. दोन मेगाबाइट स्मृती, काळा-पांढरा पडदा आणि लिहायला ही काडी. पत्ते, तारखा, टिपणं, बस्स. आजच्या फोनमधला एक फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही. आणि तिच्या बुडाला हा जो ठोकळा चिकटवलाय, तो मोडेम. आजचं बोलणं या ठोकळ्याबद्दल आहे. खरं तर तो घेण्याआधी मी जो दुसरा घेतला होता, त्याच्याबद्दल जास्त.

आधी घरचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझी सासुरवाडी मैलापूरची. कपालीश्वराच्या देवळाच्या तळ्याभोवती चार माडवीथी आहेत, त्यातल्या दक्षिण माडवीथीला लागून एक गल्ली, तिथलं जुनं घर. सासरची मंडळी तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावर घेतलं, तेव्हापासून ही माणसं तिकडे. घरात मराठी बोलतात. पण ती मराठी ऐकून पुण्याचा माणूस पहिले दोन दिवस नुसता हसतो आणि तिसऱ्या दिवसापासून कान देऊन ऐकतो. मैलापूर आणि आपलं नातं तसं जुनंच. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव याच तंजावरी मंडळींपैकी, त्यांची अखेरची वर्षं मैलापुरात गेली. लझच्या चौकाजवळ न्यायमूर्ती रानड्यांच्या नावाचं ग्रंथालय आजही आहे. असो, विषय मोडेमचा.

२००० साली मी चेन्नईत पोस्टिंगवर होतो. सासऱ्यांना हृदयाचा त्रास. झटका वगैरे नाही. हृदय दमलेलं होतं, पंप नीट चालत नव्हता. अशा रोग्याच्या अंगात पाणी साठतं. आधी पाय सुजतात, मग फुप्फुसात पाणी चढतं आणि माणसाला आडवं झोपता येत नाही. त्याची आगाऊ खबर देणारी सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे वजनकाटा. चार-सहा दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, तर ते जेवणाचं नसतं, पाण्याचं असतं. त्या वेळी लघवी होण्याची गोळी वाढवावी लागते, आणि ती वेळेवर वाढवली तर इस्पितळ टळतं.

माझा मेहुणा अमेरिकेत डॉक्टर. चेन्नईतले डॉक्टर होतेच, पण मुलाचाही जीव राहत नव्हता. त्याने वडिलांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवलं की रोज संध्याकाळी वजन, रक्तदाब, नाडी आणि किती गोळ्या घेतल्या, हे त्याला ई-मेलने कळवायचं. जानेवारीत तो आला तेव्हा ही पाम फाइव्ह माझ्या हातात ठेवून म्हणाला, "भावोजी, मोडेम तेवढा तुम्ही बघा. तुम्ही फौजी, तुम्हाला कळतं यातलं."

मला कळत नव्हतं. मी तोफखान्याचा. पण कुणी असं म्हटलं की फौजी माणूस नाही म्हणत नाही, हा आमचा जुना रोग.

तुम्ही विचाराल, सरळ संगणक का नाही? घरी संगणक नव्हता, आणि ऑफिसच्या संगणकाला इंटरनेट जोडायचा प्रश्नच नव्हता. फौजेत त्याबद्दल नियम कडक असतात आणि असायलाच हवेत. लझला सायबर कॅफे होता, पण रात्री बंद. आयएसडी फोन रोज लावायचा तर मीटरकडे बघूनच नाडी वाढायची, सासऱ्यांची नव्हे, माझी.

तेव्हाचा इंटरनेट म्हणजे काय, हे तरुणांसाठी दोन वाक्यांत. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला तो लोकांसाठी खुला केला, १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्या आल्या. घरच्या साध्या टेलिफोनवरून एक नंबर लावायचा, पलीकडे कंपनीचा मोडेम उचलणार, दोन्ही मोडेम किंचाळून एकमेकांची ओळख पटवणार, आणि मग तुम्ही आत. मोडेमचं काम एवढंच, की यंत्रातले शून्य-एक आवाजात बदलून तांब्याच्या तारेवर सोडायचे, आणि आलेल्या आवाजाचे परत शून्य-एक करायचे.

आता माझ्यासमोर पर्याय काय होते? मेहुण्याने सोबत आणलेल्या अमेरिकी मासिकांत बिनतारी मोडेमच्या झकास जाहिराती होत्या. ते बाद, त्यांना लागणारं जाळं आपल्याकडे नव्हतंच. दुसरा पर्याय म्हणजे पामच्याच कंपनीचा हा ठोकळा. वेग सेकंदाला ३३.६ किलोबिट, चालतो दोन बारीक पेन्सिल सेलवर. पण तो इथल्या दुकानांत सहज मिळत नव्हता, तिकडून मागवायचा. तिसरा, इन्फ्रारेड असलेला मोबाइल घ्यायचा आणि त्याच्या तोंडासमोर पाम ठेवायची. वेग ९.६. शिवाय डेटाची सोय मोबाइल कंपनीकडून वेगळी उघडून घ्यायची, आणि त्या काळी मोबाइलवर आलेल्या कॉललाही पैसे पडत. चौथा पर्याय, रिची स्ट्रीट.

चेन्नईत राहिलेल्यांना रिची स्ट्रीट सांगायला नको. माउंट रोडच्या आत ती एक गल्ली आहे. रेझिस्टरपासून अख्ख्या संगणकापर्यंत काय म्हणाल ते तिथे टोपलीत मिळतं. तिथे मला संगणकाला बाहेरून जोडायचा ५६ किलोबिटवाला मोडेम दिसला. पामची सिरियल केबल माझ्याकडे होती. दुकानदार म्हणाला, मध्ये एक नल मोडेम अडॅप्टर लावा, चालेल. हा अडॅप्टर म्हणजे बोटाएवढा जोड असतो, त्यात पाठवायची आणि घ्यायची तार उलटसुलट केलेली असते. कारण पामची केबल संगणकाशी बोलायला बनवलेली, मोडेमशी नव्हे. त्याने दुकानातच लावून दाखवला. ५६ कुठे आणि ३३.६ कुठे! तोफखान्याचा माणूस रेंज बघतो. घासाघीस केली आणि घेऊन आलो.

आम्हाला स्टाफच्या शिक्षणात एक पद्धत घोटून शिकवतात, तिला अप्रिसिएशन म्हणतात. आधी उद्दिष्ट, मग परिणाम करणारे घटक, मग खुले असलेले मार्ग, आणि शेवटी योजना. मी हे शेकडो वेळा केलंय, इतरांचे कागद तपासलेत, लाल पेन्सिलीने शेरे मारलेत. मोडेम घेताना मात्र सरळ तिसऱ्या पायरीपासून सुरुवात केली. उद्दिष्ट लिहिलंच नाही.

लिहिलं असतं तर काय दिसलं असतं? माझा निरोप जेमतेम तीनशे अक्षरांचा. एका अक्षराला ढोबळ मानाने दहा बिट धरा. ९.६ च्या वेगाने सेकंदाला साडेनऊशे अक्षरं, म्हणजे निरोप जायला एक तृतीयांश सेकंद. ३३.६ ने एक दशांश सेकंद. आणि नंबर लावून दोन मोडेमची ओळखपाळख व्हायला अर्धा मिनिट! वेगाने माझे काय वाचणार होते? त्याहून गंमत म्हणजे ५६ चा वेग फक्त येणाऱ्या माहितीला असतो. आपल्याकडून जाणारी माहिती त्याही मोडेमवर जास्तीत जास्त ३३.६ नेच जाते. मला तर पाठवायचंच होतं. म्हणजे ज्या आकड्यासाठी मी तो घेतला, तो आकडा माझ्या कामाच्या दिशेने लागूच नव्हता. खोक्यावर हे बारीक अक्षरात छापलेलं होतं. मी वाचलं नाही.

तरी दहा महिने तो चालला. पत्नी पामवर काडीने लिहायला माझ्याहून लवकर शिकली. त्या यंत्राची स्वतःची वळणं होती, इंग्रजी ए लिहायचा तर मधली आडवी रेघ गाळायची. मी अहवाल लिहिल्यासारखा काडी दाबायचो आणि ते भलतंच वाचायचं. ती रांगोळीच्या हाताने भराभर लिहायची. रोज साडेआठला समोरच्या खोलीत टेलिफोनशेजारी स्टुलावर मोडेम, केबल, अडॅप्टर, वीज देणारा काळा ठोकळा, असा सगळा संसार मांडायचा, निरोप पाठवायचा, आवरायचा. सासूबाई म्हणायच्या, संध्याकाळचा दिवा लावला आणि किंचाळणारा डबा वाजला की दिवस संपला.

आता नोव्हेंबर. चेन्नईचा पावसाळा तेव्हाच असतो, परतीचा. २९ नोव्हेंबर २००० ला कुड्डलोरजवळ वादळ किनाऱ्याला लागलं. तडाखा दक्षिणेला बसला, पण पाऊस-वारा आमच्याकडेही होता आणि आमच्या गल्लीतली वीज गेली. मी त्या वेळी तिरुवनंतपुरमला कामावर. घरी पत्नी, सासूबाई आणि सासरे.

टेलिफोन मात्र चालू होता. हे नीट लक्षात घ्या. तांब्याच्या तारेच्या टेलिफोनला वीज घरातून लागत नाही. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची फळी असते, तिच्यातून अठ्ठेचाळीस व्होल्ट त्याच तारेवरून येतात. घर अंधारात असलं तरी टेलिफोन जिवंत. पाम जिवंत, तिची बॅटरी भरलेली. तार जिवंत. मधला माझा छप्पन्नवाला मोडेम मेलेला, कारण त्याला भिंतीतली वीज हवी.

पत्नीने शहाणपणाने आयएसडी लावला. खूप वेळाने लागला. मेहुणा इस्पितळातच होता, राउंडवर. तारेवर प्रतिध्वनी आणि मध्ये उशीर. आपण बोललेलं पलीकडे पोचेपर्यंत पलीकडचा बोलायला लागलेला असतो, तसा प्रकार. तिने वजन सांगितलं, "त्रेसष्ट". त्याला ऐकू आलं, "...सष्ट". आदल्या दिवशी मेलमध्ये एकसष्ट होतं. त्याने मनाने जोडलं, एकसष्ट. म्हणाला, ठीक आहे, गोळी तीच ठेवा.

मराठीत आकडा उलटा बोलतात बघा, एककाचं आधी आणि दशकाचं नंतर. पहिला अर्धा गिळला गेला की उरतो तो कुणाचाही असू शकतो. रेडिओवर आम्ही आकडा एकेक करून बोलतो, सहा, तीन. आणि पलीकडच्याने तो परत म्हणून दाखवायचा असतो. मी घरी असतो तर सवयीने तसंच बोललो असतो. पण पत्नीला मी हे कधी शिकवलं नव्हतं. गरज काय, मोडेम होता ना.

पहाटे सासऱ्यांना धाप लागली. उशीला टेकून बसले, तोंडातून शब्द फुटेना. शेजारच्यांनी गाडी काढली, पाण्यातून इस्पितळात नेलं. सहा दिवस राहिले, त्यातले दोन अतिदक्षता विभागात. वाचले. मी दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून मला म्हणाले, "तुमचा डबा निजलेला होता." रागाने नाही, नुसती माहिती दिल्यासारखं. ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

मेहुण्याने स्वतःला दोष दिला, पत्नीने स्वतःला. मला ते ऐकवेना. मी कागद घेतला आणि वर लिहिलं: उद्दिष्ट, रोज तीनशे अक्षरं, कुठल्याही परिस्थितीत, घरातल्या कुणालाही पाठवता येतील अशी. खाली घटक लिहिले तर वेग यादीत आलाच नाही. वीज आली, तार आली, भिंतीतला जोड आला, आणि "सासूबाईंना जमेल का" हे आलं. मोबाइलचा पर्याय गेला; वादळात टॉवर राहील याची खात्री कोण देणार? जुन्या मोडेमला यूपीएस जोडता आला असता. पण मग स्टुलावर आणखी एक पेटी, आणखी एक बॅटरी, जिची काळजी कुणीतरी घ्यायची. राहिला हा ठोकळा. दोन पेन्सिल सेल, जे मैलापूरच्या कुठल्याही वाण्याकडे मिळतात, दुकान बंद असलं तर टॉर्चमधून निघतात. मेहुण्याच्या ओळखीचं कुणीतरी पोंगलला येणार होतं, त्यांच्याबरोबर आला.

आला आणि चालेना! पामच्या पडद्यावर एकच उत्तर, डायल टोन नाही. टेलिफोन कानाला लावला की टोन स्वच्छ ऐकू येतो, आणि हा म्हणतो नाही. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी ऑफिसातल्या सिग्नल्सच्या एका हवालदाराला विचारलं. तमिळ माणूस, बोलायला कमी. घरी आला, रिसीव्हर कानाला लावून दहा सेकंद ऐकलं आणि म्हणाला, "साब, हा अमेरिकेचा टोन शोधतोय. आपला टोन वेगळा असतो."

खरंच तसं होतं. अमेरिकेतल्या टेलिफोनचा टोन वेगळ्या कंपनसंख्येचा, आपला वेगळा, थोडा घरघरणारा. पामच्या सेटिंगमध्ये मोडेमला सुरुवातीला द्यायची एक आज्ञा असते, तिच्या शेवटी एक्स आणि चार होतं. चारचा अर्थ, टोन ऐकू आल्याशिवाय नंबर लावू नकोस. हवालदाराने चारचे तीन केले. तीनचा अर्थ, टोनची वाट पाहू नकोस, लाव नंबर. फक्त पलीकडचा व्यग्र असला तर सांग. पहिल्याच प्रयत्नात किंचाळी ऐकू आली. एका आकड्याने काम झालं. त्याने कॉफी घेतली, भिंतीवरचा जुना गोल टेलिफोनचा डबा उघडून पाहिला, आत हिरवा गंज चढला होता तो चाकूने खरवडला, स्क्रू आवळले आणि गेला. त्या खरवडण्याने लाइनही सुधारली, मोडेम मध्येच तुटायचा तो थांबला. मला वाटतं, अनेकांनी त्या काळी नवे मोडेम घेतले, तेव्हा त्यांना खरं म्हणजे एक चाकू हवा होता.

त्यानेच आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. वीज कडाडत असेल तेव्हा काम झाल्याबरोबर तार काढायची, कारण वीज तारेवरूनही येते. आणि मोडेम प्रवासात नेलात तर हॉटेलच्या खोलीतल्या फोनला लावू नका. मोठ्या हॉटेलांतली अंतर्गत लाइन डिजिटल असते, जोड अगदी तसाच दिसतो, पण तिथला प्रवाह साध्या मोडेमला जाळू शकतो. तपासायला पेनाएवढा एक टेस्टर मिळतो. तो घेतला. एकदा एका गेस्ट हाउसात लावून पाहिला तर लाल दिवा लागला. मग मॅनेजरच्या खोलीतल्या फॅक्सची तार मागून घेतली. फॅक्स चालतो तिथे मोडेम चालतो, कारण दोघांची जात एकच.

घरी मात्र नवी शिस्त लागली. सेल दर महिन्याच्या एक तारखेला बदलायचे, संपलेले असोत वा नसोत. महिन्यातून एकदा घरातला मेन स्विच बंद करून निरोप पाठवायचा. सासूबाईंना हा प्रकार आधी वेडेपणा वाटला, मग त्याच आठवण करू लागल्या. त्यांनी पामवर लिहिणं शिकायला नकार दिला, पण तयार मजकुरात आकडे बदलणं आणि एक बटण दाबणं शिकल्या. आणि फोनवर आकडा सांगायचा तर एकेक, सहा, तीन, आणि पलीकडच्याकडून परत म्हणवून घ्यायचा. अमेरिकेत मेहुणा आपल्या आईला "सहा तीन, रॉजर" म्हणायचा.

२००१ च्या पावसाळ्यात वीज तीनदा गेली. तिन्ही वेळा निरोप मेणबत्तीच्या उजेडात गेला. त्यातल्या एकदा वजन तीन दिवसांत दीड किलोने वाढलेलं होतं. चाळीस मिनिटांत उत्तर आलं, गोळी दुप्पट करा, सकाळी डॉक्टरांना दाखवा. सासरे घरीच राहिले.

आता मला विचाराल, हे सगळं आज कशाला? तर परवाच माझ्या शेजाऱ्यांनी तांब्याचा टेलिफोन काढून फायबर घेतलं. वेग उत्तम आहे, मलाही मोह होतो. मी त्यांना विचारलं, वीज गेली तर? ते म्हणाले, टेलिफोन त्यातच आहे की, वेगळी वीज कशाला? फायबरच्या काचेतून उजेड येतो, अठ्ठेचाळीस व्होल्ट येत नाहीत. भिंतीवरचा तो पांढरा डबा तुमच्या घरच्या विजेवर चालतो. मोबाइल आहे म्हणाल, तर डिसेंबर २०१५ च्या पुरात चेन्नईतले टॉवर बॅटऱ्या संपल्यावर कसे गप्प झाले ते आम्ही पाहिलंय. शेजाऱ्यांच्या आईंना घरी ऑक्सिजनचं यंत्र आहे, म्हणून विचारलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी त्या डब्यासाठी छोटी बॅटरी आणली. माझ्यासमोर मेन स्विच बंद करून फोन लावून दाखवला. लागला.

सासरे २००३ पर्यंत होते. गेले ते झोपेत. पामची बॅटरी आता चार्ज होत नाही, त्यामुळे आतल्या नोंदी गेल्या. पण पत्नीने त्या रोज एका वहीतही उतरवल्या होत्या, ती वही आमच्याकडे आहे. छप्पन्नवाला मोडेमही अजून आहे, माळ्यावर. फेकायचं एकदा ठरलं होतं, मीच नको म्हणालो. आणि या ठोकळ्यात आज सकाळी तुम्हाला दाखवायचं म्हणून दोन नवे सेल घातले. महिन्याची एक तारीखच होती.